पोथींतला खोटा विंचू

पावसाळा सरून आश्विनाचें कोरडें ऊन पडूं लागलें, कीं निलंग्याच्या जुन्या घरांतील पोथ्यांचीं बासनें माळवदावर येत. तांबड्या खारव्याची गांठ सुटे, दोहों बाजूंच्या लांकडी फळ्या दूर होत, आणि वेखंडाचा तुकडा व कडुनिंबाचा वाळका पाला झाडून टाकून सुटीं पानें उन्हांत मांडलीं जात. अशा वेळीं एखाद्या पानाच्या कडेवरून ज्वारीच्या दाण्याएवढा एक तपकिरी जीव चालूं लागे. पुढें दोन चिमटे उगारलेले, मागें आठ पाय, चाल संथ. कोणी फुंकर घातली, कीं चिमटे आंत ओढून तो झटकन् मागच्या मागें सरके. तेवढें पुरे होई. “विंचवाचें पिल्लूं!” अशी हांक उठे आणि पुढचें काम पायांतली वहाण करी. त्या विंचवाला नांगी नाहीं, हें पाहावयास कोणी थांबत नसे.

हा जीव विंचू नव्हे. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञांनीं त्याला ‘फॉल्स स्कॉर्पिअन’ म्हणजे खोटा विंचू असें नांव दिलें, आणि पुस्तकांत राहणाऱ्या जातीला ‘बुक स्कॉर्पिअन’ म्हणजे ग्रंथविंचू म्हटलें. कोळी, विंचू आणि गोचीड ज्या अष्टपाद वर्गांत मोडतात त्याच वर्गांतला तो आहे. पण त्याचा गण निराळा, आणि त्या गणाच्या जगभर सुमारे ४००० जाती नोंदलेल्या आहेत. बहुतेक जाती झाडाच्या सालीखालीं, पालापाचोळ्यांत, पक्ष्यांच्या घरट्यांत आणि दगडांच्या फटींत राहतात. माणसाच्या घरांत येणाऱ्या थोड्या. ‘खोटा’ हें विशेषण त्याला चिकटलें खरें, परंतु भाऊसाहेबांच्या तोतयाप्रमाणें त्यानें स्वतः कोणाचें सोंग घेतलेलें नाहीं. नांव पाहणारांनीं दिलें, आणि शिक्षा त्याला झाली.

मात्र वहाण उचलणाऱ्याला हंसणें न्याय्य होणार नाहीं. मराठवाड्यांतलें जुनें घर म्हणजे दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर तुळयांवर अंथरलेली पांढरी माती, परसांत गोठा आणि कडब्याची गंजी. विंचवाला याहून सोयीची वस्ती दुसरी कोणती असणार? मोठी काळी इंगळी दिसावयास भयंकर. पण खरोखर जिवावर उठणारा तो लहानसा तांबडा विंचू. त्याचें शास्त्रीय नामकरण डेन्मार्कच्या फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञानें इ. स. १७९८ मध्यें केलें. त्याचा दंश झालेल्या मुलाला दरदरून घाम फुटतो, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात; आणि विष अधिक भिनलें तर कांहीं तासांत हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरतें. पैठणच्या एकनाथांनीं कामक्रोधाच्या पीडेवर भारूड रचतांना विंचवाच्या दंशाचें रूपक घेतलें, तें उगीच नव्हे. समोर बसलेल्या प्रत्येक श्रोत्याला ती वेदना घरची होती.

या दंशावर मंत्र, अंगारा आणि झाडपाला हेच उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतही खेड्यांतल्या दवाखान्याजवळ याहून फारसें प्रभावी कांहीं नव्हतें. जालना जिल्ह्यांतील देहेड या गांवीं जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर हे महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेले, तें १९७६ साल. विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशीं बसून त्यांनीं नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. विषामुळें शरीरांतील रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्याचा असह्य भार हृदयावर पडतो, हें ध्यानीं आल्यावर त्यांनीं रक्तवाहिन्या सैल करणारें प्राझोसिन हें रक्तदाबाचें औषध वापरून पाहिलें. १९८६ मध्यें त्यांचा अनुभव ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. पूर्वीं शंभर गंभीर रोग्यांमागें तीसच्या आसपास दगावत, तें प्रमाण एकाच्या घरांत आलें. २०२२ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. तोंवर कोंकणांत आणि देशावर किती घरांनीं आपलीं मुलें गमावलीं असतील, याचा विचार केला म्हणजे दोन चिमटे दिसतांच वहाण उचलणारा हात समजूं शकतो. फक्त त्या वहाणेखालीं अनेकदां भलताच जीव चिरडला गेला.

तो भलता जीव भिंगाखालीं निवांतपणें पाहण्यासारखा आहे. अंगाचा मागचा भाग पेरांपेरांचा व गोलट, आणि शेपटीचा पत्ता नाहीं. विष त्याच्याजवळही असतें, पण तें चिमट्यांच्या बोटांत, आणि तेंही बारीक किडींपुरतें. माणसाच्या कातडींत तें बोट शिरूंच शकत नाहीं. चिमट्यांवर लांब, नाजूक केस असतात. हवेची लहानशी हालचालही त्यांना कळते. म्हणूनच फुंकरीसरशीं तो मागें हटतो. डोळे कोणा जातीला दोन, कोणाला चार, कित्येकांना मुळींच नाहींत. तोंडाशीं दुसरे दोन बारके चिमटे असतात, त्यांतून तो रेशमाचा धागा काढतो. कात टाकावयाची वेळ आली, कीं धुळीचे कण आणि धागे यांची एक बंद कोठडी बांधून तो तींत राहतो. पिलूं प्रौढ होईपर्यंत तीन अवस्थांतून जातें. आणि घरांत राहणारी नेहमींची जात प्रौढ झाल्यावर तीनचार वर्षें जगते, हें एवढ्याशा देहाच्या मानानें दीर्घायुष्यच म्हणावयाचें.

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण खऱ्या विंचवाच्या मादीला शोभते. तिचीं पांढुरकीं पिलें खरोखरच तिच्या पाठीवर दाटीनें बसलेलीं असतात. खोट्या विंचवाची मादी आपलें बिऱ्हाड पोटाखालीं एका लहानशा पिशवींत बाळगते आणि त्यांतल्या गर्भांना स्वतःच्या देहांतला रस पाजते. प्रवासाच्या बाबतींत तर हा प्राणी त्याहून हुशार. पंख नाहींत, पाय आखूड. एका गोठ्यांतून दुसऱ्या गोठ्यांत चालत जावयाचें म्हटलें तर आयुष्य पुरावयाचें नाहीं. म्हणून तो एखाद्या माशीचा पाय चिमट्यांत धरतो आणि भाडें न देतां उतारूसारखा निघून जातो. दक्षिण अमेरिकेंत एका मोठ्या चित्रविचित्र भुंग्याच्या पंखांखालीं बसून जाणारी जात प्रसिद्ध आहे. ही युक्ति अर्वाचीन नव्हे. बाल्टिक समुद्राकांठीं सांपडणाऱ्या तृणमण्यांत, म्हणजे दगड झालेल्या प्राचीन राळेंत, दुसऱ्या कीटकाला चिमट्यानें धरून असलेला खोटा विंचू जसाच्या तसा मिळालेला आहे.

त्याची वंशावळ तर याच्याही फार मागें जाते. अमेरिकेंत न्यूयॉर्क प्रांतांतील गिल्बोआ येथें सांपडलेल्या अश्मीभूत खोट्या विंचवाचें वर्णन १९९१ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याचा काळ सुमारें अडतीस कोटी वर्षांपूर्वींचा ठरतो. निलंग्याचीं घरें ज्या काळ्या खडकावर उभीं आहेत, तो खडक ज्वालामुखीच्या रसाचा, आणि त्याचें वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. म्हणजे ज्याला माळवदावर उपरा ठरवून मारावयाचें, त्याचें कूळ त्या गांवच्या जमिनीहून पांचसहा पटींनीं जुनें.

ग्रंथांतला रहिवासी म्हणून त्याची जुनी नोंद ग्रीसची आहे. इ. स. पूर्वींच्या चौथ्या शतकांत ॲरिस्टॉटलनें प्राण्यांच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथांत, पुस्तकांमध्यें विंचवासारखे पण शेपूट नसलेले अगदीं बारीक जीव आढळतात, असें लिहून ठेवलें. त्या वेळचें पुस्तक म्हणजे पपायरसची गुंडाळी. तिच्या वळ्यांत या प्राण्याला हवा तसा आडोसा मिळे. शेपूट नाहीं एवढी गोष्ट त्या थोर पुरुषानें नेमकी टिपली. पुढें जवळजवळ दोन हजार वर्षें तिच्यांत मोलाची भर पडली नाहीं.

पुरंदरचा तह झाला त्याच वर्षीं, म्हणजे १६६५ मध्यें, लंडनच्या रॉबर्ट हुकचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ बाहेर पडला. सप्टेंबर महिन्यांत एके दिवशीं तो वाचीत बसला असतां पुस्तकाच्या पानावरून एक इवलासा जीव फार सावकाश चाललेला त्याला दिसला. सूक्ष्मदर्शक जवळच होता. हुकनें त्याला चिरडण्याऐवजीं भिंगाखालीं घेतलें, आणि त्याला आठवण झाली ती खेकड्याची. म्हणून ग्रंथांत त्याचें वर्णन खेकड्यासारखा कीटक असें आलें. मराठ्यांचे घोडे अटकेस पोंचले त्या १७५८ सालीं स्वीडनच्या लिनिअसनें या ग्रंथविंचवाला शास्त्रीय नांव दिलें. पण बसविलें गोचिडींच्या पंक्तीला. १७६२ मध्यें फ्रान्सच्या जॉफ्र्वानें त्याला ‘केलिफर’, म्हणजे चिमटे बाळगणारा, अशी स्वतंत्र ओळख दिली. एकाला तो खेकडा वाटला, दुसऱ्याला गोचीड, लोकांना विंचू. आपल्या स्वतःच्या नांवानें ओळखला जाण्यास त्याला बराच काळ वाट पाहावी लागली.

आतां प्रश्न असा, कीं हा जीव पोथींत येतो कशाला? कागद तर तो खात नाहीं. याचें उत्तर दख्खनच्या कागदांतच आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यांत कित्येक शतकें हातकागद बनत असे, आणि दौलताबादी कागदाला मराठी दफ्तरांत मान होता. हातकागदाच्या तावावर शाई फुटूं नये म्हणून त्याला खळ लावीत आणि गुळगुळीत दगडानें घोटीत. लेखणी त्यावर सुरेख चाले. पण खळ म्हणजे पिठाचें अन्न. पावसाळ्याच्या दमट हवेंत त्यावर बुरशी धरे, बुरशीवर उवेसारख्या दिसणाऱ्या पांढुरक्या बारीक किडी वाढत, आणि बासनाच्या कापडांतून कसरीच्या अळ्या शिरत. खोटा विंचू येतो तो या किडींच्या मागोमाग. चिमट्यानें धरावें, विषानें सुस्त करावें आणि रस शोषून टरफल टाकून द्यावें, हा त्याचा क्रम. पोथीचें एक अक्षरही त्याच्या पोटांत जात नाहीं.

निलंगा १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत होतें, आणि बीदरची आठवण ग्रंथांच्या इतिहासांत टाळतां येत नाहीं. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान यानें तेथें १४७२ मध्यें मोठा मदरसा उभारला. त्याच्या ग्रंथसंग्रहांत ३००० हस्तलिखितें होतीं असें सांगतात. गावानचा अंत १४८१ मध्यें झाला तो एका बनावट पत्रानें: त्याच्या वैऱ्यांनीं त्याच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर राजद्रोहाचा मजकूर लिहविला आणि सुलतानानें शहानिशा न करतां त्याला ठार करविलें. ग्रंथ जमविणाऱ्याचा घात कागदानेंच व्हावा, हा दैवदुर्विलास. पुढें १६९६ मध्यें बंदुकीच्या दारूचा स्फोट होऊन मदरशाचा मोठा भाग ढांसळला. आग, दारू आणि राज्यक्रांति हे ग्रंथांचे मोठे शत्रु खरे. पण ते इतिहासांत नोंदले जातात. खळीवरची बुरशी आणि बासनांतली कसर यांची बखर कोणी लिहीत नाहीं. त्यांचें काम रोज रात्रीं थोडें थोडें चाललेलें असतें.

बीदरच्या दरबारीं ज्यांचे वडील नोकरीस होते ते दासोपंत (१५५१–१६१५) पुढें आंबेजोगाईस येऊन राहिले. त्यांनीं कागदाप्रमाणेंच एका लांबलचक पासोडीवर, म्हणजे जाड्याभरड्या कापडावर, पंचीकरणाचें विवरण लिहिलें, आणि ती पासोडी आंबेजोगाईनें जपली. ॲरिस्टॉटलनें पुस्तकांतले जीव आणि कापडांतले जीव यांचा एकत्र उल्लेख केला आहे; पासोडीच्या रूपानें मराठवाड्यानें तर पुस्तक आणि कापड हीं दोन्हीं एकच करून टाकलीं. असला ठेवा चारशें वर्षें टिकला तो जपणाऱ्या माणसांमुळें, हें निर्विवाद आहे. वि. का. राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्यें प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर गांवोगांवचीं दफ्तरें धुंडाळणाऱ्या संशोधकांना जीर्ण कागद हाताळावे लागले. पत्र हातीं यावें आणि नेमकी मितीच कसरीनें खाल्लेली असावी, यासारखी हळहळ त्या कामांत दुसरी नाहीं.

तेव्हां खोट्या विंचवाला ग्रंथांचा रक्षक म्हणावें काय? कांहीं उत्साही लेखकांनीं तसें म्हटलें आहे. पण तें अतिशयोक्तीचें आहे. वाळवीच्या फौजेपुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. चंदेरी रंगाची मोठी चपळ कसर त्याला आटोपत नाहीं. उंदीर आणि गळकें माळवद यांच्यापुढें तर तो कोणीच नव्हे. बारीक किडी आणि कोंवळ्या अळ्या यांचा तो शिकारी आहे, आणि पोथींत त्याची संख्याही थोडीच असते. मात्र त्याच्या येण्यांत एक सूचना असते. जेथें तो दिसला, तेथें त्याचें भक्ष्य आहे. जेथें भक्ष्य आहे, तेथें ओल आणि बुरशी आहे. वहाण उचलणाऱ्यानें निरोप्याला मारलें आणि निरोप तसाच राहिला, असें पुष्कळ घरांतून घडलें असेल.

हिंदुस्थानांत त्याचा शास्त्रीय अभ्यास उशिरां सुरू झाला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राण्यांवरील प्रसिद्ध ग्रंथमालेंत अष्टपादांवरचा खंड पोकॉक यानें १९०० मध्यें लिहिला. त्यांत विंचू आले, कोळी आले. खोटा विंचू वगळला गेला. ती उणीव भरून काढली कार्ल विथ या डेन्मार्कच्या तरुण अभ्यासकानें. सयामांत गेलेल्या डॅनिश मोहिमेच्या वृत्तांतांत १९०६ मध्यें त्यानें हिंदी खोट्या विंचवांचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. मारणाऱ्या विंचवाला नांव देणाराही डॅनिश आणि न मारणाऱ्याची दखल घेणाराही डॅनिश, हा एक चमत्कारिक योगायोग. विथच्या नांवावरून या गणांतील एका कुळालाच ‘विथिइडी’ असें नांव पडलें. व्हिएन्नाच्या मॅक्स बायर यानें १९३२ मध्यें साऱ्या जगांतल्या खोट्या विंचवांची यादी दोन खंडांत बांधली आणि पुढें भारतांतल्या कित्येक जातींचीं वर्णनें केलीं. भारतीय अभ्यासकांचा स्वतःचा मोठा ग्रंथ मात्र १९७७ चा: मूर्ति आणि अनंतकृष्णन् यांचा, मद्रासेंतल्या कामावर आधारलेला. पोकॉकच्या खंडानंतर सत्त्याहत्तर वर्षें लोटलीं होतीं.

या संशोधनांतली एक गोष्ट घरगुती जिज्ञासेच्या माणसालाही गोड वाटेल. अमेरिकेच्या चेंबरलिन यानें १९३२ मध्यें ‘एलिंगसेनियस इंडिकस’ या जातीचें वर्णन केलें. ही जात भारतांतल्या मधमाश्यांच्या, म्हणजे ज्यांना मराठींत सातेरी म्हणतात त्यांच्या, पोळ्यांत राहते आणि माशीच्या पायाला धरून एका पोळ्यांतून दुसऱ्यांत जाते. मधपाळांना प्रथम ती उपद्रवी वाटली. पोथीच्या धन्याला वाटली तशीच. पण बायर यानें १९५१ मध्यें युरोपांतल्या ग्रंथविंचवाविषयीं लिहितांना त्याला मधमाश्यांच्या वसाहतींतला स्वागतार्ह पाहुणा म्हटलें. आणि मधमाश्यांना लागणारी गोचिडीसारखी कीड जगभर पसरल्यावर, ती तो खातो काय, याचे प्रयोग न्यूझीलंडपर्यंत झाले. प्रयोगशाळेंत तो ती खातो. प्रत्यक्ष पेटींत त्याच्यावर विसंबून राहावें कीं काय, याविषयीं अभ्यासकांचें अजून एकमत नाहीं.

निलंग्याच्या भागांतलीं जुनीं घरें १९९३ नंतर बदललीं. ३० सप्टेंबरच्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें दगडमातीच्या त्या जाड भिंती आणि वरची पांढरी माती झोंपलेल्या माणसांवर आली. हजारों लोक गेले. त्यानंतर उभ्या राहिलेल्या सिमेंटच्या घरांत फटी थोड्या, कडबा दूर आणि पोथ्या त्याहूनही थोड्या. खरा विंचू शेतांत, दगडांखालीं आणि सरपणांत अजून आहे, आणि त्याच्याशीं सावधपणानेंच वागावयास हवें. दोघांतला भेद पाहण्यास भिंगाची गरज नाहीं. विंचवाचें अगदीं लहान पिलूं झालें, तरी त्याला शेपूट आणि तिच्या टोंकाला नांगी असते. खोट्या विंचवाचें अंग चिमट्यांमागें आखूड होऊन वाटोळें संपतें. तसा जीव पानावर दिसला, तर कागदाच्या कपट्यावर घेऊन तो बाहेर सोडावा, आणि बासन सोडून पोथी कोरड्या हवेंत ठेवावी. हवा कोरडी राहिली म्हणजे बुरशी धरत नाहीं, बुरशीवरच्या किडी उरत नाहींत, आणि भक्ष्य संपलें कीं खोटा विंचूही तेथें राहत नाहीं. उपाशी मरतो, नाहीं तर एखाद्या माशीचा पाय धरून दुसरीकडे जातो.